बीबीए एलएलबीच्या पाच वर्षांत मुले प्रत्यक्षात काय शिकतात?

प्रश्न : एक पालक, जालना

नमस्कार. माझी मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिने बीबीए एलएलबी या पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचे मनावर घेतले आहे. आमचे मोंढ्यात बियाणे, खते आणि कीटकनाशकांचे दुकान आहे. मी आणि माझे धाकटे बंधू ते भागीदारीत चालवतो. घरात आजवर कोणी वकील झालेले नाही, त्यामुळे या पदवीविषयी जे कानावर येते त्यातले किती खरे मानावे हे आम्हाला ठरवता येत नाही. एक नातेवाईक म्हणतात की निम्मे व्यवस्थापन आणि निम्मी वकिली, म्हणजे दोन्ही अर्धवट. दुसऱ्यांचे म्हणणे असे की आधी बीकॉम करावे आणि मग तीन वर्षांच्या एलएलबीला जावे. मुलीला विचारले की ती ‘कॉर्पोरेट लॉ’ म्हणते, पण वर्गात रोज काय शिकवले जाते हे तिलाही नीट सांगता येत नाही.

नोकरी आणि पगार यांविषयी मी विचारत नाही. त्याची उत्तरे जागोजागी मिळतात. मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच की व्यवस्थापनाचे विषय आणि कायद्याचे विषय या अभ्यासक्रमात खरोखर एकमेकांना भेटतात का, की एकाच वेळापत्रकात शेजारी शेजारी बसून पाच वर्षे काढतात. ज्यांनी हे शिकले किंवा शिकवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी, मूळ गाव परभणी

काका, मी छत्रपती संभाजीनगरला हाच अभ्यासक्रम शिकते आहे. आपले दुकान बियाण्यांचे आहे हे वाचून फार बरे वाटले, कारण आमच्या वर्गात ज्या खटल्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली तो बियाण्यांचाच होता. त्याकडे येतेच.

आधी ढोबळ रचना सांगते. अभ्यासक्रम दहा सत्रांचा असतो. सुरुवातीच्या सत्रांत व्यवस्थापनाची तत्त्वे, व्यावसायिक अर्थशास्त्र, वित्तीय लेखांकन, संख्याशास्त्र, विपणन, मनुष्यबळ व्यवस्थापन हे विषय असतात आणि त्यांच्या बरोबरीने करार कायदा, संविधान आणि टॉर्टचा, म्हणजे कराराबाहेरच्या दिवाणी चुकांच्या भरपाईचा, कायदा सुरू होतो. पुढे कायद्याचे पारडे जड होत जाते. कंपनी कायदा, मालमत्ता हस्तांतरण, दिवाणी प्रक्रिया संहिता, कर कायदे, कामगार कायदे, स्पर्धा कायदा, बौद्धिक संपदा, लवाद, दिवाळखोरी हे सारे येतेच. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे प्रक्रियेचे व पुराव्याचे नवे कायदेही शिकावे लागतात. विद्यापीठागणिक विषयांचा क्रम बदलतो, पण व्यवसाय आधी आणि कायदा उत्तरोत्तर अधिक, हा कल बहुतेक ठिकाणी तोच असतो.

आता तो खटला. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी घेतलेले बियाणे सदोष निघाल्याच्या तक्रारी होत्या आणि त्यांतील काही शेतकरी कॉर्पोरेशनसाठी बीजोत्पादन करणारे होते, म्हणजे पिकलेले बियाणे ते कॉर्पोरेशनलाच परत विकणार होते. कॉर्पोरेशनचे म्हणणे असे होते की हे शेतकरी ‘ग्राहक’ नाहीत, कारण त्यांची खरेदी व्यापारी हेतूची आहे. आणि शिवाय बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेलाच नाही. न्यायालयाने शेतकऱ्यांना ग्राहक मानले. नमुन्याच्या मुद्द्यावर न्यायालयाने जे म्हटले ते आपल्याकडच्या कोणालाही लगेच पटेल: शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरतो, पुढे खटला होईल म्हणून त्यातले मूठभर बाजूला काढून ठेवत नाही.

हा निकाल कायद्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला शिकता येतो. आमच्या अभ्यासक्रमात त्याला एक वेगळी जोड मिळाली. आम्हाला सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरचा निळा टॅग समोर ठेवून काम करायला सांगितले होते. त्यावर वाण, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि किमान ७० टक्के उगवणशक्ती असे छापलेले असते. विपणनाच्या तासाला आम्ही त्या टॅगकडे पाहिले ते हा माल उत्पादकाकडून वितरकाकडे, तिथून आपल्यासारख्या दुकानदाराकडे आणि मग शेतकऱ्याकडे कसा जातो आणि प्रत्येक टप्प्यावर नफ्याचा वाटा किती, या नजरेने. लेखांकनात प्रश्न असा होता की एखाद्या लॉटबद्दल तक्रारी येऊ लागल्या आणि निकाल अजून लागायचा आहे, तर ती संभाव्य भरपाई कंपनीने हिशेबात तरतूद म्हणून धरायची, की केवळ टिपणीत नमूद करायची. आणि मालविक्री अधिनियम, १९३० च्या तासाला तोच टॅग मालाचे ‘वर्णन’ झाला: कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. मग शेवटचा प्रश्न. तक्रारीत उत्पादक, वितरक आणि दुकानदार असे तिघेही सामील केले, तर दुकानदाराने बंद पिशवी जशी आली तशी विकली या बचावाला किती वजन द्यायचे? यावर वर्गात दोन तट पडले होते. माझ्या मते बिल देताना लॉट क्रमांक लिहिणाऱ्या आणि माल नीट साठवणाऱ्या दुकानदाराची बाजू खूपच भक्कम होते. आपला अनुभव यावर माझ्याहून जास्त असेल.

सगळेच विषय असे भेटतात असे मात्र नाही. संघटनात्मक वर्तन आणि व्यवस्थापनाची तत्त्वे आम्ही परीक्षेपुरती वाचली. त्यांचा कायद्याशी सांधा वर्गात फारसा कोणी जुळवून दाखवला नाही. तो सांधा शिकवणाऱ्यावर अवलंबून असतो, म्हणून महाविद्यालय निवडताना हे विषय कोण शिकवते याची चौकशी जरूर करावी.

उत्तर २ : वाणिज्य कायद्याचे अध्यापक, लातूर

वरील उत्तर उत्तम आहे. मी केवळ एका मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘दोन्ही अर्धवट’ हा आक्षेप मला वर्षानुवर्षे ऐकावा लागतो आणि तो अभ्यासक्रम आतून न पाहता घेतलेला असतो.

लेखांकनाच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला सांगितले जाते की मालकाने धंद्यात घातलेले भांडवल ताळेबंदाच्या देयतेच्या बाजूला लिहायचे. बहुतेक मुले हे पाठ करतात. आपलेच पैसे आपल्यालाच देणे कसे, हे विचारणारे थोडे असतात आणि त्यांना उत्तर मिळते की हिशेबात धंदा आणि मालक या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी येथे थांबतो. आमच्या विद्यार्थ्याला त्याच सुमारास कायद्याच्या वर्गात नेमके उलटे ऐकायला मिळते: एकट्याच्या मालकीचे दुकान ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती नाहीच. दुकानाचे कर्ज थकले तर सावकाराचा हात मालकाच्या घरापर्यंत आणि शेतापर्यंत पोहोचू शकतो. वहीत दोन व्यक्ती आणि न्यायालयात एक, अशी ही स्थिती आहे. भागीदारीतही मोठा फरक पडत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो.

मग कंपनी कायद्यात सॉलोमन विरुद्ध सॉलोमन हे १८९७ चे इंग्लंडमधील प्रकरण येते. बूट बनवणाऱ्या सॉलोमन यांनी आपला चालता धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. भागधारक सात, ते स्वतः, पत्नी आणि पाच मुले. किमतीचा काही भाग त्यांनी कंपनीच्या तारणी कर्जरोख्यांच्या रूपाने घेतला. कंपनी बुडाली, तेव्हा इतर धनको म्हणाले की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेथील त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ते मान्य केले नाही: कंपनी रीतसर नोंदली गेली असेल तर ती स्वतंत्र व्यक्ती आहे आणि सॉलोमन तिचे तारणधारक धनको ठरू शकतात. हिशेबाच्या वहीत जी गोष्ट सोयीसाठी मानली जाते ती कंपनीच्या बाबतीत कायदा खरी मानतो, हे ज्या दिवशी विद्यार्थ्याला उमगते त्या दिवसापासून तो ताळेबंद निराळ्या डोळ्यांनी वाचू लागतो. भागभांडवल किती, राखीव निधी किती, कोणते कर्ज तारणी आणि कोणते बिनतारणी, संचालकाने वैयक्तिक हमी दिली आहे का, हे प्रश्न त्याला आपोआप सुचतात. दिवाळखोरी संहिता, २०१६ शिकताना याचीच गरज पडते, कारण तेथे कोणाचे पैसे आधी फेडायचे याचा क्रम कायद्याने ठरवून दिलेला आहे आणि ताळेबंद वाचता येत नसेल तर तो क्रम नुसता पाठांतराचा विषय राहतो.

बीकॉमनंतर एलएलबी करणाऱ्यालाही हे कळते, यात शंका नाही. अनेक निष्णात वकील त्याच मार्गाने आलेले आहेत. फरक इतकाच की तेथे लेखांकन विसरायला लागल्यावर कंपनी कायदा समोर येतो आणि एकूण सहा वर्षे लागतात. एका बाबतीत मात्र तो मार्ग अधिक सुरक्षित आहे आणि पालकांनी हे आधीच समजून घ्यावे. वकिली आणि कायद्याचे शिक्षण यांचे नियमन करणाऱ्या भारतीय बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार एकत्रित पदवीत तीन वर्षांनी केवळ बीबीए घेऊन बाहेर पडता येत नाही, तसेच मध्येच थेट प्रवेशही मिळत नाही. मुलीचे मन तिसऱ्या वर्षी कायद्यावरून उडाले, तर हातात काहीच राहत नाही. बीकॉम झालेल्या मुलीच्या हातात निदान एक पदवी असते. म्हणून प्रवेशापूर्वी तिला एखाद्या न्यायालयात काही दिवस मागच्या बाकावर बसून कामकाज पाहू द्यावे. खुल्या न्यायालयात कोणालाही बसता येते.

उत्तर ३ : वकील, छत्रपती संभाजीनगर

मी येथील जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वाणिज्यिक वाद चालवतो. माझ्याकडे या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी येतात, त्यामुळे ते काय शिकून येतात आणि काय शिकून येत नाहीत, हे दोन्ही मला दिसते.

वाळूज आणि शेंद्रा या येथील औद्योगिक वसाहतींमधले लहान कारखानदार मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात आणि त्यांचे पैसे अडकतात, हे माझ्या कामातले रोजचे चित्र. अशा वेळी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मदतीला येतो. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे करारात मुदत लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या टप्प्याने चक्रवाढ व्याज लागते. याच्या जोडीला २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये तरतूद घातली की असे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळेल. नुसता कायदा शिकलेला विद्यार्थी मला व्याजाचे कलम काढून देतो. ज्याने दोन्ही शिकले आहे तो म्हणतो, ‘सर, नोटिशीत व्याजाबरोबर करवजावटीचाही उल्लेख करू या, मार्चअखेर जवळ आली आहे; त्यांच्या लेखा विभागाला तो मुद्दा आधी कळेल.’ असे एका विद्यार्थिनीने मला खरोखर सुचवले होते आणि नोटीस तिच्या सूचनेप्रमाणेच गेली. समोरच्या पक्षाच्या पैशाचे गणित कसे चालते हे ओळखून कायदा कोठे लावायचा हे ठरवणे, ही या पदवीची खरी कमाई आहे असे मला वाटते.

आता उणीव. मुलांना मुदतींची धास्ती नसते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ त्यांना पाठ असते, पण धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून पैसे भरायला १५ दिवस आणि ते न भरल्यास त्यापुढे एक महिन्यात तक्रार, ही साखळी पक्षकाराच्या हातातल्या कागदांवरून तारखा मांडून काढायला सांगितली की गडबडतात. टपालाची पोच कोणत्या तारखेची, बँकेचा मेमो कोणत्या तारखेचा, हे ते विचारत नाहीत. ही सवय पुस्तकाने लागत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांचे प्रशिक्षण आवश्यक आहे आणि एका वर्षी सलग चार आठवड्यांहून अधिक घेता येत नाही. त्यात एकदा तरी प्रत्यक्ष न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे जावे लागते. बरीच मुले मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्ममागे धावतात. माझा आग्रह असा की पहिली दोन प्रशिक्षणे आपल्याच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात, दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडे करावीत.

भाषेचाही विचार करावा. वर्ग, पुस्तके आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून असते, परंतु जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. सातबारा, फेरफार, खरेदीखत, जबाब हे सारे मराठीत असते. दोन्ही भाषांत नेमके लिहू शकणारा वकील आपल्याकडे फार थोडा मिळतो, आणि मराठवाड्यातील मुलीला ते जमण्याजोगे आहे.

मुलीच्या मनात पुढे न्यायाधीश व्हायचे असेल तर हेही लक्षात घ्यावे की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. ही तीन वर्षे वकिलीच्या तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात. म्हणजे पाच वर्षांनंतर सनद, मग ती तीन वर्षे आणि त्या काळातच बार परीक्षा, असा तो रस्ता आहे.

पालक, जालना

आपण तिघांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. ताईंनी लॉट क्रमांकाचे लिहिले ते अगदी बरोबर आहे; बिलावर आम्ही तो न चुकता लिहितो. मुलीने हे सगळे स्वतः वाचले आणि तिचा एक प्रश्न आहे: गणित तिला बेताचे जमते, तर संख्याशास्त्र आणि वित्तीय व्यवस्थापन झेपेल का? माझा स्वतःचा प्रश्न वकीलसाहेबांना आहे. भागीदारीविषयी वाचून काळजी वाटली. आमचा भागीदारी लेख वडिलांच्या काळात मुद्रांक कागदावर केलेला आहे, परंतु संस्थेची नोंदणी केलेली नाही. त्याने काही अडते का?

वकील, छत्रपती संभाजीनगर

अडते. भागीदारी अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी तिसऱ्या व्यक्तीविरुद्ध दावा लावता येत नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या किरकोळ मागण्या तेवढ्या वगळल्या आहेत. समोरचा मात्र आपल्यावर दावा लावू शकतो. म्हणजे वितरकाने आगाऊ रक्कम घेऊन माल दिला नाही, किंवा उधारी बुडाली, तर आपली संस्था दारातच अडते. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून अनेक जण ती करत नाहीत, पण ती कधीही करता येते. दावा दाखल होण्याच्या दिवशी संस्था नोंदलेली आणि दावा लावणारे भागीदार नोंदवहीत दाखवलेले असले पाहिजेत. दावा लागल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. मूळ लेख, वडिलांच्या पश्चात भागीदारांत झालेले बदल आणि जागेचा पुरावा घेऊन आपल्या सनदी लेखापालांना या आठवड्यातच भेटावे.

चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी

गणिताबद्दल मी सांगते. संख्याशास्त्रात सरासरी, विचलन, सहसंबंध, निर्देशांक एवढे येते आणि वित्तीय व्यवस्थापनात पैशाचे कालमूल्य, भांडवलाचा खर्च, प्रकल्पाची निवड. वाणिज्य शाखेतून आलेल्या मुलीला लेखांकन तर परिचयाचेच असते. विज्ञान शाखेच्या आमच्या मैत्रिणींना नावे आणि जमा समजायला पहिले सत्र लागले होते. प्रवेश परीक्षेची बाब थोडी निराळी आहे: राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीच्या क्लॅटमध्ये १२० प्रश्नांत संख्यात्मक तर्काचाही भाग असतो आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. शेकडेवारी, गुणोत्तर आणि तक्ते वाचणे यांचा दहावीच्या पुस्तकावरून सराव केला तरी पुरते. तिला म्हणावे, मला येथेच संदेश पाठव. पहिल्या वर्षाच्या करार कायद्याच्या माझ्या वह्या मी तिला देईन.